बोट लवकर बरे होत नाही तेव्हा: आपले अनुभव लिहा

गेल्या उन्हाळ्यात नौपाड्यातल्या घरी गादीखाली चादर खोचताना माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक अडकले आणि शेवटचे पेर एकदम खाली झुकले. फारसे दुखले नाही, रक्तही आले नाही, म्हणून चार दिवस हळदीचा लेप लावून मी तशीच वावरले. पेर मात्र लोंबतच राहिले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. तुटली होती ती पेर सरळ करणारी कंडरा. याला ‘मॅलेट फिंगर’ म्हणतात असे सांगून डॉक्टरांनी प्लॅस्टिकचे स्प्लिंट चढवले आणि 8 आठवडे, दिवसरात्र, पेर एकदाही वाकता कामा नये, वाकले तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, असे बजावले. पाचव्या आठवड्यात स्प्लिंट धुवायला काढले असताना टॉवेल उचलायला हात पुढे केला आणि पेर झुकले. त्या दिवशी मी कॅलेंडरवरच्या सगळ्या फुल्या खोडल्या. पुढे स्प्लिंट बदलायचे ते बोट जेवणाच्या टेबलावर सपाट टेकवूनच, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली तरी उठायचे नाही, असा नेम केला. स्प्लिंटच्या आतली कातडी भिजून पांढरी पडते, ती नीट कोरडी करावी लागते. आता पेर जवळजवळ सरळ आहे. ज्यांचे बोट असे महिनोन्महिने रखडले, त्यांनी ते दिवस कसे काढले हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाशीहून:

माझी चूक आपल्या अगदी उलट होती. झेल घेताना चेंडू अनामिकेच्या टोकावर आदळला आणि मधला सांधा सुजला. हाड मोडलेले नव्हते. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून लवकरात लवकर हालचाल सुरू करा, असे मला स्पष्ट सांगितले होते. दुखण्याच्या भीतीने मी मात्र बोट 6 आठवडे ताठ ठेवले आणि सांधा आखडला. मग रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मूठ वळवण्याचा व्यायाम आला. तळहाताला बोट टेकायला 4 महिने लागले. या सांध्याची सूज वर्षभरही रेंगाळू शकते, हे फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितले तेव्हा कुठे माझी चिडचिड थांबली. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. (सूज चढण्याआधी, पहिल्या तासातच अंगठी काढावी, पुढे साबण आणि दोरा दोन्ही हरतात.) एकाच बोटाच्या दोन सांध्यांना नियम असे उलटसुलट असतात, म्हणून दुसऱ्याचा इलाज आपल्या बोटावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोपरीहून:

लोकलच्या दारात अंगठा चेमटला आणि नख काळे पडून गळाले. नवे नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे पूर्ण यायला 6 महिने गेले. तोवर लसूण सोलण्याचे काम यजमानांकडे होते.

ऐरोलीहून:

कोळंबी सोलताना तर्जनीत काटा घुसला. एवढ्याशा जखमेसाठी काय दवाखाना गाठायचा, म्हणून नखुरड्यावर करतात ते घरगुती उपाय केले. दीड महिना झाला तरी जखम ओलीच. शेवटी डॉक्टरांनी बोट पाहण्याआधी रक्त तपासायला पाठवले. मला मधुमेह आहे हे वयाच्या 58 व्या वर्षी त्या काट्यामुळे कळले. साखर आटोक्यात आल्यावर जखम भरू लागली. मलम तर आधीपासून लावतच होते.

रबाळ्याहून:

कारखान्यात पत्र्याच्या धारेने तर्जनी मुळाशी, तळहाताच्या बाजूने कापली. कंडरा आणि स्पर्शाची नस दोन्ही तुटल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर 12 आठवडे जड काहीही उचलायचे नव्हते. डबासुद्धा मुलाने गळ्यात अडकवून दिलेल्या पिशवीतून नेत असे. कंडरेपेक्षा नसेने जास्त अंत पाहिला. तुटलेली नस सुरुवातीचे काही आठवडे गेल्यावर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुढे वाढते, असे डॉक्टर म्हणाले, पण दिसत तर काहीच नव्हते. मग त्यांनी एक खूण शिकवली: बोटावर मुळापासून टोकाकडे हलकेच टकटक करत जायचे, जिथे मुंग्या येतील तिथवर नस पोहोचली. मी दर रविवारी त्या जागी बॉलपेनने रेघ ओढू लागलो. रेघ कधी अर्धा सेंटीमीटर पुढे जाई, कधी जागची हलतही नसे, आणि त्या रविवारी घरात कोणी माझ्याशी बोलायच्या भानगडीत पडत नसे. आता रेघ शेवटच्या पेराच्या मध्यावर आली आहे. तिच्यापुढे अजून बधिरपणा आहे. चटका बसला तरी कळत नाही, म्हणून चहाचा पेला मी डाव्या हातानेच धरतो.