तेरा वर्षांचा मुलगा काहीच ऐकत नाही, दाखवायचं कुणाला?

अश्विनी (सातारा): मुलगा आठवीत. सात-आठ महिने प्रत्येक गोष्टीला नकार, उलट उत्तरं, धाकटीला मुद्दाम डिवचणं. शाळेतूनही तक्रारी आल्यात. चोरी, मारामारी नाही. घरचे म्हणतात, वय आहे, निवळेल. तो डॉक्टरकडे यायला तयार नाही. काय करू?

निशिगंधा: ताई, वयावर ढकलू नका. सहा महिन्यांवर चाललंय, शाळेतही दिसतंय, म्हणजे तपासणी हवीच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. खासगीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठलात तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा, नुसत्या 'काउन्सेलर' पाटीवर जाऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.
तो येत नसेल तर आधी तुम्ही दोघंच जा. यात मुख्य उपचार म्हणजे पालकांनाच दिलेलं प्रशिक्षण. त्यासाठी त्याच्या होकाराची वाट पाहायला नको.

सुहास: जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा: वेळ, आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. उदा. 'संध्या. ७.१०, मोबाइल ठेव म्हटलं, चार्जर फेकला, बाबांनी अर्धा तास वाढवून दिला.' शेवटचा रकाना लोक गाळतात आणि खरी मेख तिथेच असते. फेकल्यावर अर्धा तास मिळतो, हे तो पक्कं शिकतो.
वर्गशिक्षकांचं म्हणणं लेखी घ्या. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणित शिकताना येणारी अडचण), अपुरी झोप, नैराश्य, शाळेतला छळ, यांपैकी काही आहे का ते तपासायला सांगा. वाचता न येणारं मूल अभ्यासाला नकारच देणार.

अश्विनी: सासूबाई लगेच त्याची बाजू घेतात. आणि औषध द्यावं लागेल का?

निशिगंधा: नुसत्या हट्टीपणावर औषध नसतं, सोबत एडीएचडी निघाला तर त्याच्या औषधाचा फायदा होतो. आजींना एका बैठकीला न्याच. हट्टाला दाद देणं थांबवलं की सुरुवातीला आरडाओरडा वाढतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी विरघळतं आणि सगळं पाण्यात जातं. रोज पंधरा मिनिटं त्याच्या आवडीचं काहीतरी, सूचना-उपदेश न करता, सोबत करा. भांडण झालं त्या दिवशीही.

सुहास: 'सरळ करून देणाऱ्या' निवासी शिबिरांत अजिबात टाकू नका. आणि जीव देण्याची भाषा, स्वतःला इजा, हातात चाकू, यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.