आयसोस्पिन : 'सम' काय आणि फिरतंय काय?

प्रश्न : एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतोय. त्यात 'आयसोटोपिक स्पिन'बद्दल एक वाक्य आलं, ते मी असं केलं : 'समस्थानिक परिवलनाची सममिती तपासण्यासाठी हलक्या केंद्रकांच्या उत्तेजित अवस्था मोजल्या.' संपादकबाई विचारतात, समस्थानिकांचा इथे काय संबंध? मला उत्तर देता आलं नाही. शिवाय 'उत्तेजित' म्हटलं की मला उत्तेजनार्थ बक्षीसच आठवतं.

उत्तर : बाईंचं बरोबर आहे, पण चूक तुमची नाही, मूळ नावाचीच आहे. १९३२ साली न्यूट्रॉन सापडला आणि त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपं धरून गणित मांडलं. ते गणित इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन' या अंगभूत गुणधर्माच्या गणितासारखं दिसतं, एवढाच स्पिनशी संबंध. फिरत काहीच नाही, त्यामुळे 'परिवलन' नको (आणि 'फिरकी' तर नकोच नको). १९३७ मध्ये विग्नरने त्याला 'आयसोटोपिक स्पिन' म्हटलं. पण समस्थानिकांत प्रोटॉन तेवढेच राहतात आणि न्यूट्रॉन बदलतात. इथे प्रोटॉनच्या जागी न्यूट्रॉन येतो, एकूण संख्या तीच. म्हणजे नातं समभारिकांचं. पुढे काहींनी 'आयसोबॅरिक' असं दुरुस्त करून पाहिलं, पण शेवटी सुटसुटीत 'आयसोस्पिन'च रुळलं. मराठीतही तेच ठेवा.

उदाहरण घ्या. कार्बन-१३ मध्ये ६ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन. नायट्रोजन-१३ मध्ये उलट. केंद्रकीय बल प्रोटॉन-न्यूट्रॉनांत भेद करत नसेल (हीच ती सममिती), तर दोन्ही केंद्रकांच्या ऊर्जेचे जिने सारखे हवेत. जिन्याच्या तळाशी मूळ अवस्था, वरची एकेक पायरी म्हणजे एकेक उत्तेजित अवस्था. विद्युत प्रतिकर्षणाने नायट्रोजनचा अख्खा जिना वर उचलला जाईल, पण पायऱ्यांमधलं अंतर फारसं बदलू नये. प्रत्यक्षात कार्बनची पहिली पायरी ३.०९ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर (हे केंद्रकांच्या ऊर्जेचं एकक), नायट्रोजनची २.३७ वर! दुसरी मात्र ३.६८ आणि ३.५०, म्हणजे जवळपास जुळली.

पहिलीच एवढी का घसरली? त्या अवस्थेतला शेवटचा प्रोटॉन एस-कक्षेत, म्हणजे शून्य कोनीय संवेगाच्या कक्षेत असतो, त्याला त्या संवेगाचा बांध नसतो, म्हणून तो बराच बाहेरपर्यंत पसरतो. उरलेल्या सहा प्रोटॉनांपासून लांब गेला की प्रतिकर्षण कमी, ऊर्जा कमी. याला थॉमस-एहर्मन सरकण म्हणतात. सममितीला तडा गेला तो मुख्यतः विजेमुळे, केंद्रकीय बलामुळे नव्हे. ('सममितीभंग' मला व्रतभंगासारखा वाटतो, म्हणून 'तडा'.)

आता 'मोजल्या'. खरी गोची इथे आहे. मराठीत आंबेही मोजतात आणि तापही. 'अवस्था मोजल्या' वाचून वाटेल, किती आहेत ते मोजलं. 'अवस्थांच्या ऊर्जा मोजल्या' लिहा. त्या मोजतात कशा, तर कार्बन-१२ वर प्रोटॉन सोडतात आणि प्रोटॉनची ऊर्जा थोडीथोडी वाढवत नेतात. ०.४६ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास गॅमा किरणांची संख्या एकदम उसळते. तीच नायट्रोजन-१३ ची ती पहिली पायरी (प्रोटॉन केंद्रकात सामावताना सुटणारी ऊर्जाही यात धरली, की २.३७ च्या आसपास येतात). इथे मात्र मोजणी दोन्ही अर्थांनी होते.

'उत्तेजित' राहू द्या, पाठ्यपुस्तकांत रुळलाय.

पुन्हा प्रश्न : आभारी आहे. मग अशा जोडीला 'दर्पण केंद्रके' म्हणू का?

उत्तर : या जोडीला चालेल. पण आरशात दोघंच मावतात. वस्तुमानांक १४ ला (प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून १४) तिघं येतात : कार्बन-१४ आणि ऑक्सिजन-१४ यांची मूळ अवस्था, आणि नायट्रोजन-१४ ची २.३१ वरची उत्तेजित अवस्था. लेखात तेही असेल, तर मी 'जुळी' आणि 'तिळी' लिहीन. बाईंना विचारून पाहा.