ट्रायबर: सात माणसं की ढेपेची पोती?

प्रश्न (दारव्हा): घरात आईबाबा धरून सहा जण. सात सीटांची रेनॉ ट्रायबर गाडी घ्यावी काय? वावरातला पांदणरस्ता, वर उन्हाळा ४५ अंशांचा. मागच्या सीटा खरंच निघतात का?

उत्तर १: निघतात भाऊ, दोन्ही वेगवेगळ्या. सीट दुमडा, खालचं लॉक सोडा, उचला. बसवताना फटीतली माती आधी ब्रशनं काढा. खडा अडकला तर लॉक अर्धंच बसते, म्हणून सीट हलवून पाहाच. सातही सीटा असल्या की डिकी फक्त ८४ लिटर, पाचांवर ६२५. ढेपेची पोती आडवी, मधल्या सीटला टेकवून ठेवा, नाहीतर गाडीचं शेपूट दबते. तिसरी रांग पोरांचीच. मोठ्यांचे गुडघे छातीला लागतात, आईबाबांना तिथं बसवू नका.

उत्तर २: इंजिन ९९९ सीसी, ताकद ७२ पीएस. गावात भागते. चिखलदऱ्याचा घाट सात जणांनिशी चढताना मात्र दुसरा गिअर लवकर टाका, चढावर एसी बंद.

उत्तर ३: एसीच्या वाऱ्याची तोंडं तिसऱ्या रांगेपर्यंत आहेत, हे लई कामाचं. पण कापसाच्या हंगामात समोरच्या एसीच्या जाळीत (कंडेन्सर) तंतू नि धूळ बसते आणि गारवा कमी होतो. इंजिन थंड असताना साध्या पाइपानं धुवा; प्रेशरच्या पाण्यानं पातळ पात्या वाकतात. गाडीच्या पोटाखालची १८२ मिमी उंची कोरड्या पांदणीला पुरते. पावसाळ्यात काळ्या मातीत नेऊ नका, चिखल चाकाच्या कमानीत गच्च बसतो.