रेड कार्ड बरोबरच होतं

'त्याच्या मनात वाईट नव्हतं, रेफ्रीने सामना मारला' असं सॅम वॉरबर्टनच्या रेड कार्डबद्दल म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. 2011 च्या रग्बी वर्ल्ड कपची वेल्स-फ्रान्स सेमीफायनल, ऑकलंडचं ईडन पार्क. वीस मिनिटंही झाली नव्हती. वॉरबर्टन वेल्सचा कॅप्टन, वय अवघं 23. त्याने फ्रान्सच्या क्लेर्कला कमरेतून उचललं, पाय वर, डोकं खाली, आणि हवेतच सोडून दिलं. रेफ्री अलँ रोलाँने थेट लाल कार्ड काढलं. मीही तेव्हा चिडलो होतो. पण खाली येताना मान आधी टेकली असती तर? तिथे हेतू बघत बसायचा नसतो, माणूस कसा खाली आला ते बघायचं.

2005 मध्ये क्राइस्टचर्चला लायन्सच्या (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ) ओड्रिस्कॉलला दोन ऑल ब्लॅक्सनी, म्हणजे न्यूझीलंडच्या खेळाडूंनी, असंच उचलून आपटलं. सामना नुकता सुरू झालेला, त्याचा खांदा निखळला, दौरा संपला. शिक्षा कुणालाच नाही! तेव्हा हेच कार्ड निघायला हवं होतं.

आणि वॉरबर्टनने पुढे स्वतःच निर्णय योग्य असल्याचं मान्य केलं. तासभर 15 ऐवजी 14 जणांनी झुंजून वेल्स 9-8 ने हरलं, एका गुणाने. कोच गॅटलंडने नंतर सांगितलं, की प्रॉपला (स्क्रमच्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूला) दुखापतीचं नाटक करायला लावून स्क्रममधली, म्हणजे दोन्ही संघ भिडून चेंडूसाठी ढकलतात त्यातली, चुरस संपवावी, म्हणजे एक माणूस कमी असल्याचा फटका तिथे बसणार नाही, असं मनात आलं होतं, पण ते बरोबर वाटलं नाही म्हणून केलं नाही. त्या संघाबद्दल मला आजही आदर वाटतो तो यासाठी.