प्रश्न विचारणे म्हणजे दिरंगाई नव्हे

कुणाला फिट आल्याचा फोन रुग्णवाहिका सेवेला केल्यावर पलीकडची व्यक्ती प्रश्नच विचारत बसते, ही तक्रार मी समजू शकतो. मात्र अनेक ठिकाणी हे बोलणे चालू असतानाच रुग्णवाहिका रवाना झालेली असते. झटके थांबल्यावर श्वास नीट चालू आहे का, हा त्यांतला सर्वांत मोलाचा प्रश्न, कारण हृदय अचानक बंद पडतानाही काही क्षण हातपाय आचके देतात आणि घरच्यांना ती फिटच वाटते. म्हणूनच "छाती वर आली की प्रत्येक वेळी 'आता' म्हणा" असे सांगितले जाते, आणि श्वास मध्येच एखादा येत असेल तर छातीवर दाब देण्यास लावतात. 5 मिनिटांहून लांबलेला वा लागोपाठ येणारा झटका, गर्भारपण, मधुमेह किंवा डोक्याला मार असल्यास प्राधान्य वाढू शकते.