हार्वी पेकार यांची कॉमिक लिहिण्याची पद्धत

प्रश्न: हार्वी पेकार या अमेरिकी लेखकाच्या ‘अमेरिकन स्प्लेंडर’ या कॉमिकचे काही जुने अंक नुकतेच वाचले. कथा सगळ्या पेकार यांच्या, त्यांच्या स्वतःच्याच आयुष्यावरच्या, पण चित्रकार मात्र बदलत राहतात. स्वतः चित्रकार नसलेले पेकार आपली कथा त्यांच्यापर्यंत नेमकी कशी पोहोचवत असत?

उत्तर: कागदावर चौकटी आखून ते त्यांत काड्यांची माणसे काढत, डोक्यावर संवाद लिहीत आणि तो कच्चा आराखडा चित्रकाराच्या हवाली करत. जाझच्या जुन्या तबकड्यांच्या वेडातून अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात कॉमिक चित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांच्याशी त्यांची मैत्री जुळली होती, म्हणून १९७६ पासून पदरमोड करून काढलेल्या या अंकांना तसा चित्रकार लाभला.

दुसरे उत्तर: थोडी भर घालतो. या अंकांवर त्यांचे पोट कधीच भरले नाही. २००१ साली निवृत्त होईपर्यंत ते माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क होते. किराणा दुकानाच्या रांगेत घासाघीस करणाऱ्या ज्यू आजीबाईंमागे ताटकळण्याची त्यांची कथा अवश्य वाचावी; रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्याला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अंकागणिक पेकार यांचा चेहरा का बदलतो, हेही आता उमगले.