मदत हवी आहे: लेकीच्या सिम रेसिंगसाठी पीएस५ घ्यावा की पीसी जोडावा?

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. मे महिन्यात कोल्हापूरला मामाकडे गेली होती. त्याने कार्टिंगला नेलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. डोंबिवलीहून तिला दर आठवड्याला ट्रॅकवर नेणं वेळेतही बसत नाही आणि खिशातही नाही. म्हणून घरीच सिम रेसिंगचं, म्हणजे स्टीअरिंग व्हील आणि पेडल लावून गेममध्ये खऱ्यासारखी गाडी चालवायचं, बसवून द्यायचं ठरवलंय. बजेट सगळं धरून सव्वा लाख. ४३ इंची टीव्ही आहे, टेबल म्हणाल तर हॉलमधलं जेवणाचं. ती मन लावून शिकतेय, वहीत वळणांची चित्रं काढून कुठे ब्रेक मारायचा त्या खुणा करते. म्हणून चुकीची वस्तू आणून तिचा हिरमोड करायचा नाहीये.

एक्सबॉक्स मी आधीच बाजूला ठेवलाय, कारण तिला ग्रॅन टुरिस्मो ७ हा रेसिंगचा गेम हवा आहे आणि तो फक्त प्लेस्टेशनवर मिळतो. एका दुकानात मला एक्सबॉक्सचं व्हील पीएस५ला (प्लेस्टेशन ५ला) चालेल म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन तपासलं म्हणून वाचलो. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीला चालतं, जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीला. नव्याने घेणाऱ्यांनी हे आधी बघा.

खरी अडचण ब्रेकची आहे. बिल्डिंगमधल्या एका मुलाने त्याचं जी२९ आणि पीएस४ पंधरा दिवसांसाठी दिलाय. पहिल्याच दिवशी तिने जोरात ब्रेक दाबला आणि पेडलचा अख्खा सांगाडा लादीवरून पुढे सरकला. शेवटी पेडल आणि भिंतीच्या मध्ये जेवायचा पाट आडवा घातला तेव्हा जागेवर राहिला. तरीही वळणाआधी तिची चाकं लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात, आणि गाडी सरळ वाळूत जाते. मला कळलं ते असं की जी२९चं पेडल किती खाली गेलं तेवढंच मोजतं. ती कार्टमध्ये शिकली पायाच्या जोराने. जोर मोजायला लोड सेलचं पेडल लागतं.

इथेच दोन्ही वाटा वेगळ्या होतात. पीसीवर व्हील एका कंपनीचं, पेडल दुसरीचं, दोन वेगळ्या यूएसबीत लावले तरी चालतात. म्हणजे आज जी२९ घेतलं तरी वर्षाने फक्त ब्रेक बदलता येईल. पीएस५वर पेडल व्हीलच्या बेसमधूनच (व्हील ज्यावर बसतं त्या मोटरच्या डब्यातूनच) जोडावं लागतं. म्हणजे ज्या कंपनीचा बेस, बहुतेक तिचंच पेडल, आणि त्यासाठी बेससकट सगळं बदलायची वेळ येऊ शकते.

शिवाय पीसीवर ऑटोमोबिलिस्टा २ हा गेम आहे, त्यात कार्टही आहेत. असेटो कोर्सा हा गेम २०१४चा असूनही मॉड्समुळे (खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जादा गाड्या-ट्रॅकमुळे) अजून लोक भरभरून खेळतात. पुढेमागे आयरेसिंग, म्हणजे ऑनलाइन शर्यतींचा गेम, करावंसं वाटलं तर तेही पीसीवरच, पण त्याची वर्गणी आणि वर गाड्या-ट्रॅकचे वेगळे पैसे ऐकून मी तूर्त गप्प आहे.

मग पीसीच का घेत नाही? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम असं कोटेशन आणलं, ते पाऊण लाखाच्या घरात गेलं. व्हील धरलं की हातात फारसं काही उरत नाही. आणि मी सकाळी सातची लोकल पकडतो, रात्री नऊला घरी. तिला अभ्यासातून तासभर मिळतो. तो तास ड्रायव्हर अपडेट करण्यात आणि व्हील का सापडत नाही हे शोधण्यात गेला तर काय उपयोग? ग्रॅन टुरिस्मोत ती दोन मिनिटांत ट्रॅकवर असते. त्यातल्या लायसन्स टेस्ट तर ब्रेकिंग शिकायला मला फार आवडल्या. एकच वळण पुन्हा पुन्हा करायचं. कालच एका वळणावर तिने ब्रेक हळूहळू सोडत गाडी आत वळवली आणि चाकं लॉक झाली नाहीत. उठून नाचली!

ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया सांगा. आधी पीएस५ आणि जी२९ घेऊन, दोनेक वर्षांनी तेच व्हील पीसीला जोडणं शहाणपणाचं की त्यात एकूण खर्च वाढतो? जी२९च्या ब्रेकमधला रबराचा ठोकळा काढून किंवा स्प्रिंग बदलून काही फरक पडतो का? कोणी स्वतः केलं असेल तर फोटो टाका. आणि जेवणाच्या टेबलाला रोज व्हील आवळायचं, रोज काढायचं, हे किती दिवस टिकतं? घडीचा स्टँड डोंबिवली-ठाण्याकडे कुठे बघायला मिळेल?

संपादन: जुना पीसी घ्या असं दोघांनी सुचवलंय. चालेल, पण ग्राफिक्स कार्ड आधी कशात राबवलंय हे घेताना कसं ओळखायचं तेही लिहा. व्हील येत्या रविवारी परत द्यायचंय. त्याआधी लेकीला काही करून बघायला सांगायचं असेल तर तेवढं आधी कळवा.